टेक सात: इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं फिल्म शिबिर घेताना

माझ्या पहिल्या शिबिराची पटकथा मी स्वतः लिहिली होती. चार पानांची, व्याकरणशुद्ध, प्रत्येक पात्राच्या वाट्याला मोजून सहा वाक्यं. भूतकाळ, प्रश्नार्थक रचना, सगळं त्यात कोंबलेलं. मुलांनी ते पाठ केलं, कॅमेऱ्यासमोर म्हणून टाकलं आणि पाच दिवसांनी जी फिल्म झाली ती पाठांतराच्या स्पर्धेसारखी दिसत होती. प्रत्येकाचे डोळे पुढचं वाक्य शोधत छताकडे लागलेले.

पण त्याच शिबिरात ट्रायपॉड हलतोय म्हणून एक मुलगी दुसऱ्यावर खेकसली होती, "होल्ड इट! नो, डोन्ट मूव्ह! यू आर मूव्हिंग अगेन!" आठवडाभरात तिच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात जिवंत इंग्रजी होतं, आणि ते माझ्या पटकथेत कुठेच नव्हतं.

त्यानंतरची सगळी शिबिरं मी त्या एका खेकसण्यावर बेतली. तुम्ही पहिल्यांदा असं शिबिर घेणार असाल तर माझं म्हणणं एवढंच आहे, की भाषा फिल्ममध्ये शोधू नका. ती कॅमेऱ्याच्या मागे, दोन टेकच्या, म्हणजे एकाच शॉटच्या दोन प्रयत्नांच्या, मधल्या वेळात असते. तो वेळ वाढवायचा आणि तिथे इंग्रजीवाचून काम अडेल अशी सोय करायची.

आधी आकड्यांचं बोलू. माझी मुलं साधारण 9 ते 13 वर्षांची असतात. काहींना इंग्रजी सुरू करून जेमतेम वर्ष झालेलं असतं. शिबिर पाच दिवसांचं, रोज चार तास. गट पाच जणांचा: दोघं कॅमेऱ्यासमोर, एक दिग्दर्शक, एक कॅमेऱ्यावर आणि एकाकडे हेडफोन, म्हणजे आवाज नीट येतोय का ते ऐकायचं काम. क्लॅपर, म्हणजे प्रत्येक टेकआधी कॅमेऱ्यासमोर 'टक' करून मिटायची फळी, ज्याचे हात मोकळे असतील त्याच्याकडे. कामं रोज बदलायची. सहावा घेतला की एक जण रिकामा राहतो, आणि रिकामं मूल दोन मिनिटांत घरच्या भाषेत दुसऱ्याचं डोकं खाऊ लागतं. त्याचा तरी काय दोष? प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस हवं. त्याला एकच नियम, हात पाठीमागे बांधायचे. कॅमेऱ्याला हात लावलात की मुलांना एकमेकांना काही सांगायची गरजच उरत नाही.

पहिल्या दिवशी गोष्ट नाही, अभिनय नाही. सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी 1895 मध्ये जे केलं तेच करायचं. त्यांच्या कॅमेऱ्यात साधारण 17 मीटर फिल्म मावायची, म्हणजे जेमतेम 50 सेकंदांचं चित्रण. कॅमेरा एका जागी ठेवायचा, चालू करायचा, समोर जे घडेल ते टिपायचं, संपलं. आम्ही फोन ट्रायपॉडवर लावून तेवढंच करतो. झूम नाही, फिरवणं नाही, बोलणं नाही. प्रत्येक गटाला एकच संधी. त्यामुळे चित्रणाआधी वाद होतो, आणि मला तो वादच हवा असतो: कुठे ठेवायचा, दरवाजाकडे की खिडकीकडे, काय होईल, कोण येईल. "पुट इट हिअर", "नो, टू डार्क", "वेट, वेट, समवन इज कमिंग". वाक्यं तोडकीमोडकी असतात, पण प्रत्येकाला कारण असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलेशॉव्हचा खेळ घेते. 1920 च्या आसपास या रशियन दिग्दर्शकाने नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला, आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, कधी दुःख दिसलं. गटातल्या एकाचा चेहरा पाच सेकंद, काहीही भाव न आणता, शूट करायचा. मग तो तीन वस्तूंच्या शॉटना जोडायचा: रिकामं ताट, तुटलेलं खेळणं, बंद दार. बाकीच्या गटांना विचारायचं, "हाउ डज ही फील? हाउ डू यू नो?" 'हंग्री' आणि 'सॅड'वर मुलं थांबत नाहीत. 'लोनली' लागतो, 'गिल्टी' लागतो, आणि शब्द लागला की ती तो मागतात. शिवाय अभिनय येत नाही म्हणून आखडून बसलेल्यांना समजतं की निम्मं काम एडिटिंग करतं.

आता क्लॅपरबद्दल, कारण नवखे लोक तो शोभेसाठी ठेवतात. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या यंत्रांवर रेकॉर्ड होत असतील, तर फळी मिटताना दिसते ती फ्रेम आणि 'टक' ऐकू येतो तो क्षण जुळवून दोन्ही एकत्र बसवता येतात. आणि कुठला आवाज कुठल्या चित्राचा हे कळावं म्हणून सीनचा आणि टेकचा आकडा स्पष्ट म्हणायलाच लागतो. एका शिबिरात एक मुलगा होता. दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही. नवी भाषा शिकणाऱ्या मुलांत असा मूक काळ असतो. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी त्यावर बरंच लिहिलं आहे, आणि त्या काळात मुलाला बोलतं करायची घाई करू नये हे मला अनुभवानेही पटलं आहे. पण काम द्यायला काय हरकत आहे? त्याच्या हातात क्लॅपर दिला. पहिल्या वेळी नुसताच 'टक'. हेडफोनवाली म्हणाली, "नंबर?" त्याने पुटपुटलं. ती म्हणाली, "आय कान्ट हिअर." मग आलं, "सीन टू, टेक वन." दुपारपर्यंत तो टेक अकरापर्यंत पोचला होता, आणि दिग्दर्शकाने 'ॲक्शन' लवकर म्हटलं तर तिला थांबवत होता: "नॉट यू. मी फर्स्ट."

सेटवरच्या सूचना ठरलेल्या असतात आणि तेच त्यांचं सौंदर्य. "क्वाएट प्लीज. रोल साउंड." "रोलिंग." "रोल कॅमेरा." "रोलिंग." मग क्लॅपर, मग "ॲक्शन", "कट". प्रत्येक शब्दाला एक कृती जोडलेली. जेम्स ॲशर यांची ऐकून कृती करण्याची पद्धत भाषाशिक्षकांना ठाऊक असेलच. इथे ती वेगळी शिकवावीच लागत नाही.

गोष्ट ठरवताना मात्र मी घरची भाषा चालू देते. बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात बारा वर्षांची गोष्ट असते आणि तोंडात चार वर्षांच्या मुलाचं इंग्रजी. सुरुवातीलाच इंग्रजीचा आग्रह धरलात तर चार वर्षांची गोष्ट मिळेल. बंधनं वेगळी घालायची: एक जागा, एक वस्तू, एक अडचण. बंदुका नाहीत. आणि शेवटी 'हे सगळं स्वप्न होतं' हे तर अजिबात नाही, नाहीतर चारही गट तेच करतात. आधी सहा ते आठ चौकटींत चित्रं काढायची, मग शब्द. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा धंद्यातला ढोबळ हिशोब आहे. मुलांकडून दीड पानाच्या वर घेऊ नका. दोन मिनिटांची पूर्ण झालेली फिल्म सात मिनिटांच्या अर्धवट फिल्मपेक्षा शंभरपट बरी. संपूर्ण फिल्ममध्ये दहा संवाद पुरतात.

इंग्रजी कुठे सुरू होतं? जमिनीवर. सेटभोवती रंगीत चिकटपट्टी लावते. पट्टीच्या आत इंग्रजी, बाहेर जी जमेल ती भाषा. शिक्षा वगैरे काही नाही. कुणाला काही समजावून सांगायचंच असेल तर पट्टीबाहेर जायचं, बोलायचं, परत आत यायचं. एकदा दोन मुलं एका शॉटवर भांडत तीनदा बाहेर गेली. चौथ्यांदा जायचा कंटाळा आला आणि भांडण आतच, इंग्रजीत मिटलं.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे रीटेक. वर्गात तेच वाक्य सात वेळा म्हणायला लावा, मुलं तुमच्याकडे शिक्षा दिल्यासारखी बघतील. सेटवर तेच वाक्य ती आपणहून सात वेळा म्हणतात, कारण सहाव्या वेळी माइक दिसला होता. आमचं एक वाक्य होतं, "हू टुक माय की?" टेक एक, मुलगी हसली. टेक दोन, 'टुक'ऐवजी 'टेक'. टेक तीन, हेडफोनवाल्याने हात वर केला: "नो की. आय हिअर ओन्ली 'हू टुक माय'." ती वाक्याचा शेवट गिळत होती. मी हे वर्गात तिला किती वेळा सांगितलं असेल. सातव्या टेकला 'की' असा खणखणीत आला, की दिग्दर्शकाने 'कट' म्हणायच्या आधी टाळी वाजवली आणि तो टेकही वाया गेला.

इथे माझा एकच कडक नियम असतो. टेक का नको, हे 'बिकॉज' लावून सांगायचं. नुसतं 'अगेन' चालत नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत काही वाक्यं लावून ठेवते: "यू लुक्ड ॲट द कॅमेरा", "टू फास्ट", "आय कॅन सी द माइक", "कॅन वी गो अगेन?" दुसऱ्या दिवशी मुलं भिंतीकडे बघतात, चौथ्या दिवशी बघत नाहीत. आणि उच्चाराच्या चुका मी काढत नाही. हेडफोनवाला काढतो, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण तो आवाजाबद्दल बोलत असतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात. फोन आडवा, एअरप्लेन मोडवर, नाहीतर उत्तम टेकमध्ये कुणाचा तरी फोन येतोच. रिझोल्यूशन 1080पी ठेवा. आयफोनच्या नेहमीच्या सेटिंगवर मिनिटाला साधारण 60 एमबी लागतात, 4केवर 170 च्या आसपास, आणि मुलं थांबवायला विसरतात. पंखा, एसी बंद. चित्र थोडं हललं तरी लोक चालवून घेतात, आवाज कळला नाही की उठून जातात. म्हणून दुसरा फोन बोलणाऱ्याच्या जवळ, फ्रेमच्या जरासा बाहेर ठेवून त्यावर आवाज घ्या. रोज घरी जाण्यापूर्वी सगळं दोन ठिकाणी उतरवा. हे मी अनुभवाने सांगते आहे. एकदा जागा नाही म्हणून एका मुलाने प्रामाणिकपणे 'जुने व्हिडिओ' पुसून टाकले. ते आदल्या दिवशीचं अख्खं शूटिंग होतं.

स्टॉप मोशनचा, म्हणजे वस्तू जराजरा सरकवत एकेक फोटो काढून फिल्म करण्याचा, मोह बऱ्याच जणांना होतो, कारण त्यात कुणाला बोलावं लागत नाही. नेमकं तेच वाईट. सेकंदाला 12 फोटो धरले तरी मिनिटभरासाठी 720 लागतात, आणि दोन तासांनी सगळे गप्प बसून मातीचे गोळे सरकवत असतात. अगदी लाजऱ्या गटाला दहा सेकंदांचं शीर्षक करायला द्या, त्यापुढे नको.

एडिटिंगच्या दिवशी माझं शिबिर दोनदा कोसळलं आहे. एक मूल कॉम्प्युटरवर, चार जण त्याच्या खुर्चीमागे, मग मस्ती, मग रडारड. आता आधी कागदी एडिटिंग: प्रत्येक शॉटची चिठ्ठी करून जमिनीवर क्रम लावायचा, भांडायचं, ठरवायचं. नंतर दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या. उरलेले पावलांचे, दाराचे आवाज करतात, कारण दुसऱ्याचं संगीत उचलायचं नाही हेही याच वयात शिकवायला हवं. आणि दोघं सबटायटल लिहितात.

सबटायटलांनी मला स्वतःला चकित केलं. एक मुलगी हेडफोन लावून स्वतःचाच संवाद लिहीत होती. थांबली. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आय सेड 'ही गो'." मी म्हटलं, मग? सेट उचलला होता, परत शूट करणं शक्य नव्हतं. तिने दहा मिनिटं डबिंग केलं, ओठांशी जुळेपर्यंत, 'ही गोज', 'ही गोज', 'ही गोज'. तो 'झ' मी तिला कधीच शिकवू शकले नव्हते.

परवानगीचा कागद पालकांकडून शिबिरापूर्वीच सहीसह घ्या, आणि त्यात दोन वेगळे प्रश्न ठेवा: मुलाला चित्रित करायचं का, आणि फिल्म कुठे दाखवायची. एखाद्याचा चेहरा नको असेल तर तो कॅमेऱ्यावर, आवाजावर, फार तर पडद्यामागचा निवेदक. हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर करू नका, काम गुपचूप वाटून द्या.

पाचव्या दिवशी पालक येतात, दोन-दोन मिनिटांच्या चार फिल्म बघतात, खूश होतात आणि मग एखादा हळूच विचारतो, "पण इंग्रजी सुधारलं का हो?" फिल्म दाखवून याचं उत्तर देता येत नाही, कारण फिल्ममध्ये त्याच्या मुलाची तीन वाक्यं असतात. म्हणून मी वाया गेलेले टेक पुसत नाही. लॅपटॉपवर दुसऱ्या दिवशीचा टेक एक लावते, मग चौथ्या दिवशीचा टेक नऊ. 'ॲक्शन'पासून 'कट'पर्यंत नाही. 'कट'नंतरचं, कॅमेरा बंद करायला कुणी तरी विसरलेलं, तेवढं.