मुलांना कॉम्प्युटरची मेमरी शिकवताना या चुका टाळा

चौथीतल्या मुलाला विचारा, ‘रॅम म्हणजे काय?’ तो एका दमात सांगेल, ‘रँडम ॲक्सेस मेमरी.’ पुढे विचारा, ‘म्हणजे काय?’ की गाडी अडते. दोष मुलाचा नाही. फुलफॉर्म पाठ झाला की धडा झाला, असं धरून चालणाऱ्या मोठ्यांचा आहे. पहिल्या दिवशी मी ‘रॅम’ हा शब्दच काढत नाही. आधी मुलांच्या डोळ्यांदेखत काहीतरी पुसलं जाऊ द्यायचं, नाव नंतर.

पण हे दाखवतानाच सगळ्यात मोठा घोळ होतो. एका शाळेत मी मागच्या बाकावर बसून तास बघत होते. बाईंनी नोटपॅडमध्ये पाच-सहा मुलांची नावं टाइप केली, सेव्ह केलं नाही, मशीन बंद केलं. ‘आता बघा हं, सगळं गेलेलं असेल!’ मशीन सुरू झालं, नोटपॅड उघडलं, तर नावं जशीच्या तशी हजर. मुलांनी टाळ्या वाजवल्या. विंडोज ११ मधलं नवं नोटपॅड न सेव्ह केलेला मजकूरही स्वतःच डिस्कवर ठेवून देतं, हे बाईंना माहीत नव्हतं. तास संपत आला होता, खुलासा राहून गेला. जाताना एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, ‘रॅमला सगळं लक्षात राहतं.’ डोक्यात बसलेली अशी उलटी गोष्ट काढायला पुढे महिने लागतात. गूगल डॉक्स तर या कामाला मुळीच नको, ते टाइप करता करताच सेव्ह करतं.

मी पेंट वापरते. मुलाला घर काढायला सांगायचं आणि सेव्ह करायचं. मग त्याच चित्रात सूर्य काढायचा आणि सेव्ह न करता पॉवरचं बटण दाबून धरायचं. मशीन पुन्हा सुरू करून फाइल उघडली की घर असतं, सूर्य नसतो. वर्ग एकदम बोलायला लागतो. मग फळ्याकडे बोट दाखवायचं: फळ्यावरचं पुसलं जातं, वहीत उतरवून घेतलेलं राहतं. फळा म्हणजे रॅम, वही म्हणजे डिस्क, सेव्ह करणं म्हणजे उतरवून घेणं. हे फक्त एका जुन्या, बिनमहत्त्वाच्या मशीनवर करा, कारण अशी वीज तोडल्याने कधीकधी फाइली बिघडतात. आणि आदल्या दिवशी त्याच मशीनवर स्वतः करून बघा. ‘तेवढं काय, होईल’ म्हणणाऱ्यांचाच तास फसतो.

‘सूर्य गेला कुठे?’ हा प्रश्न येतोच. ‘कुठे म्हणजे काय, उडाला’ असं म्हणून तो मारू नका. रॅममध्ये प्रत्येक खूण म्हणजे इवलासा विद्युतभार असतो, तो सतत गळत असतो आणि साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणारं कोणी उरत नाही. मुलांना एवढंच शेवटचं वाक्य पुरतं, पण आधीचं तुम्हाला ठाऊक हवं.

दुसरी चूक घरातून येते. ‘आमच्या मोबाइलची मेमरी १२८ जीबी आहे’ आणि ‘मेमरी फुल झाली, फोटो उडव’ ही वाक्यं मूल रोज ऐकतं, त्यामुळे रॅम आणि स्टोरेज (फाइली कायमच्या ठेवायची जागा) त्याच्या लेखी एकच. दुकानदार ‘सहा-एकशेअठ्ठावीस’ म्हणतो त्यातले सहा रॅमचे, हे वर्गात फोडून सांगा. जाहिरातीत त्याच १२८ ला रॉम लिहिलेलं असतं. मग एखादं चौकस पोर विचारतं, ‘रॉम फक्त वाचता येते ना, मग फोटो कसे साठतात?’ त्याला शाबासकी द्या आणि स्पष्ट सांगा की तिथे तो शब्द चुकीचा वापरलाय, ते स्टोरेज आहे.

‘मेमरी म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू’ असं सांगू नका. माणूस हळूहळू विसरतो, रॅम एका झटक्यात.

१०२४ चा तक्ता (१०२४ बाइट म्हणजे एक केबी, १०२४ केबी म्हणजे एक एमबी, असा) पाठ करून घेऊ नका. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ६० च्या आतलाच आकडा का दाखवतं, हे मूल स्वतःहून विचारेल तेव्हा तो काढा: कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

सेव्हच्या चिन्हातली ती चौकोनी वस्तू ‘फ्लॉपी’ आहे असं नुसतं सांगू नका, मिळाली तर हातात द्या. तिच्यात १.४४ एमबी मावायचं. मोबाइलचा एक फोटोही बहुतेक वेळा त्यात बसत नाही.

बाइट, म्हणजे साठवणीचं छोटं माप, शिकवायची घाई असेलच, तर मुलांच्या नावांनी शिकवा. नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘रमा’ लिहून फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची एक पद्धत) सेव्ह केली की प्रॉपर्टीजमध्ये ४ बाइट दिसतात. तेच देवनागरीत लिहिलं की ९. र चे ३, म चे ३ आणि काना वेगळा मोजला जातो, त्याचे ३. आकडा ‘साइज’च्या ओळीतला वाचायचा, खालची ‘साइज ऑन डिस्क’ची ओळ त्या दिवशी झाकून ठेवायची. जोडाक्षरवाल्या मुलांना आपलं नाव सर्वांत शेवटी करू द्या, ‘क्ष’ चे एकट्याचेच ९ होतात.