जुना डिझेल ट्रक घाटात दम सोडतोय? पंप खोलायच्या आधी या चुका टाळा

आमच्याकडे कोकणात पावसात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खाणी बंद, म्हणजे ट्रक पण जूनपासून फणसाखाली ताडपत्री घालून उभा, आणि दसऱ्याला हार घालून बाहेर काढला की मग त्याची दुखणी एकेक करून वर येतात. गाडी जुनी आहे, टर्बो नाही, नोझलला दाबाने डिझेल देणारा साधा मेकॅनिकल पंप, सेन्सर-बिन्सर काही भानगड नाही. एका वर्षी चिरे भरून कोल्हापूरला निघालो, साखरप्यापर्यंत एकदम मस्त, आणि आंबा घाटात निम्म्यावर आलो तर पिकअप गेला. पाय पार दाबून धरला तरी गाडी रांगतेय, आणि थोड्या वेळाने बंदच. बाजूला घेतली, चाकाला दगड लावले, चहा प्यायलो, अर्ध्या तासाने सेल्फ मारला तर पहिल्या झटक्यात चालू! वर पोचेपर्यंत दोनदा असं झालं.

परत आल्यावर फिटर म्हणाला, भाऊ पंप गेला. उतरवला पंप, बेंचवर लावला, त्याच्याबरोबर इंजिनात डिझेल फवारणारे नोझल पण झाले, बिल किती झालं ते बायकोला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. पुढच्या खेपेला घाटात जवळजवळ त्याच वळणावर गाडी परत बसली. या वेळी क्लीनर पोराने डिझेल किती आहे बघायला काठी घेऊन टाकीचं झाकण फिरवलं आणि फुस्स करून असा आवाज झाला की तो मागे सरकला. "दादा, आत हवा ओढली बघा." झाकण उलटं केलं तर हवेचं जे बारीक भोक असतं ते कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलेलं. चार महिने गाडी उभी, तिला काय, जागा मिळाली तिने घर बांधलं. टाकीतून डिझेल जातंय त्या जागी हवा आत यायला पाहिजे ना, ती येत नव्हती, म्हणून टाकीत ओढ तयार व्हायची आणि शेवटी फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून पुढे देणाऱ्या छोट्या पंपाला, डिझेल खेचवेना. चहा पिईपर्यंत झाकणाच्या कडेने थोडी थोडी हवा शिरायची आणि गाडी बरी! टाचणीने भोक मोकळं केलं, आजार गेला.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, सुरुवात महागड्या टोकाकडून करायची. पंप आणि नोझल शेवटी. आधी टाकीचं झाकण, मग टाकीतली जाळी, मग चासीखालून येणारा पाइप, मग फिल्टर, मग फीड पंप, ह्या क्रमाने या. आणि एक टेस्ट फुकटात होते, पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घ्या, तो कॅबिनजवळ नीट बांधा, आणि एक नळी थेट फीड पंपाला जोडून टाकीला पूर्ण बाजूला काढा. अशी गाडी नीट चालली तर दोष फीड पंपाच्या आधीचा, म्हणजे टाकी नाहीतर पाइप. तरीही दम सोडला तर पुढे बघायचं. एवढं केलं असतं तर माझा पंप खोलायची वेळ आली नसती.

दुसरं म्हणजे "कुठे डिझेल गळत नाही, मग लीक नाही" हे गृहीत धरणं. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात डिझेल ओढलं जातं, तिथे चीर असेल तर डिझेल बाहेर येण्यापेक्षा हवा आत जाते, थेंबही दिसत नाही. आपल्याकडे खाऱ्या हवेने लोखंडी पाइप क्लिपच्या खाली आतल्या आत खातो, वरून रंग दिसतो छान. क्लिप सोडून बघा. रबरी नळी वाकवून बघा, बारीक भेगा दिसतील. फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता टाकला तर बुडबुडे डोळ्याला दिसतात, मग वाद घालायला नको.

हवा काढताना पण घाई होते. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारत राहा, आधी फेस येतो, मग बुडबुड्याशिवाय सलग धार आली की स्क्रू टाइट, मग तेच पंपाच्या स्क्रूवर. लोक फेस थोडा कमी झाला की बंद करतात आणि मग सेल्फ मारत बसतात, मारत बसतात, बॅटरी उतरते, सेल्फ तापतो, वर बॅटरीलाच शिव्या. दहा-पंधरा सेकंद मारा, मग दोन मिनिटं गप्प बसा. जुने तांब्याचे वायसर परत बसवू नका, नवीन चहाच्या किमतीत येतात. आणि चालू होत नाही म्हणून ईथरचा स्प्रे मारायचा शहाणपणा नको, ते नको त्या वेळी पेट घेतं, पिस्टन-रिंगा तुटू शकतात, इनटेकला हीटर असेल तर तिथेच भडका.

एक सिलिंडर मिसिंग असेल, म्हणजे नीट पेटत नसेल, तर इंजिन स्लोवर (पाय न देता) ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट जरासा ढिला करून बघतात. ज्याने इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही तो मेलेला. पण नटावर फडकं टाका आणि हात लांब. जुन्या गाडीचा नोझल पण साधारण २०० बारच्या आसपास उघडतो, ती फवारणी कातडी भेदून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते पण लगेच दवाखाना गाठावा लागतो. लीक शोधायचा तर पुठ्ठा धरा, बोट नाही. आणि कॉमन रेल गाडीवर, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं त्या नव्या गाडीवर, हा प्रयोग अजिबात करायचा नाही, तिथे प्रेशर हजार बारच्या वरही जातं.

धुराकडे बघून इंजिन बांधायला काढणारे पण आहेत. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, खाणीवरच्या लाल धुळीत एअर फिल्टर किती दिवसात भरतो हे मी सांगायला नको, आधी तो बघा. सकाळी थंडीत थोडा पांढरा धूर निघून गेला तर काळजी नाही, पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय तर हेड गॅस्केट. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तिथे मात्र रिंगा-बोअर किंवा व्हॉल्व्हच्या सिलचा खर्च आला समजा. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी चालूच करू नका, आत पाणी गेलंय.

सेल्फ मलूल फिरतो तेव्हा नवीन बॅटरी घेण्याआधी अर्थिंगची पट्टी (बॅटरीपासून चासीला जाणारी) सोडून घासा. किनाऱ्याकडच्या गाडीत ती हिरवी-पांढरी झालेलीच असते.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायची तर फॅशनच आहे. त्याने इंजिन नेहमी थंड राहतं, डिझेल जास्त खातं आणि मूळ कारण, म्हणजे चोंदलेला रेडिएटर नाहीतर ढिला बेल्ट, तसंच राहतं. खाडीजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका, कूलंट नसेल परवडत तर निदान पावसाचं गाळलेलं पाणी वापरा, आणि तेही तात्पुरतंच.

पावसाळ्यात गाडी उभी करणार असाल तर टाकी अर्धी ठेवू नका, रिकाम्या जागेतली दमट हवा आत पाणी सोडते आणि पत्रा गंजतो. फुल करून ठेवा, चालू करायच्या आधी फिल्टरच्या खालच्या नटातून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा, पाणी असेल तर तळाला वेगळं दिसतं. मी आता झाकणाला मच्छरदाणीचा तुकडा सैलसर बांधतो, हवा खेळते आणि कुंभारणीला जागा मिळत नाही. यंदा तिने घर हॉर्नमध्ये केलं.