ओळखीच्या जागेचं वर्णन फिकं पडतंय? या चुका टाळा

नव्या गावात गेलेला माणूस डोळे उघडे ठेवून फिरतो. रोजच्या रस्त्याबद्दल लिहायला बसला की मात्र डोक्यात आधीपासून तयार असलेली वाक्यंच कागदावर उतरवतो. पुण्याबद्दल लिहिणाऱ्यांचं हे जरा जास्तच होतं, कारण इथे अशा तयार वाक्यांना तोटा नाही.

सगळ्यात जास्त नडतात ती विशेषणं. 'गजबजलेली मंडई, रंगीबेरंगी भाज्या, विक्रेत्यांचा कोलाहल.' यात खोटं काही नाही, पण हे दादरला चालेल आणि नाशिकलाही. लिहून झालं की जागेचं नाव खोडा आणि त्याच भागात राहणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. त्याला जागा ओळखता आली नाही, तर 'गजबजलेली'च्या जागी 'फुललेली' लिहून काही होणार नाही. कोण काय करतंय ते लिहा. 'मावशींनी कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं, सुट्टे नाहीत म्हणून दोन लिंबं पिशवीत टाकली आणि माझ्याकडे न बघताच मागच्या बाईंना म्हणाल्या, "बोला ताई."' गर्दीचा शब्दही नाही, पण गर्दी आहे.

तरीही हे अजून कुठल्याही बाजारात घडू शकतं. महात्मा फुले मंडईची म्हणून खास गोष्ट म्हणजे तिची इमारत: मधे मनोरा आणि त्याच्याभोवती आठ दिशांना गेलेले भाग. आणि इथेच पुढची चूक टपलेली असते. '1886 साली रे मार्केट या नावाने सुरू झालेली ही वास्तू...' असं लिहिलं की वाचक सहलीच्या बसमध्ये बसतो. माहिती वगळू नका, तिला कामाला लावा. आत विक्रेते उंच ओट्यांवर बसतात, त्यामुळे घासाघीस मान वर करून करावी लागते आणि पिशवी हात उंचावून द्यावी लागते. आता इमारत वाचकाच्या मानेला जाणवते. साल हवंच असेल तर त्यानंतर येऊ द्या.

वेळ न सांगणं ही फार सामान्य चूक. 'भिडे पुलावर नेहमी वर्दळ असते' हे वाक्य कोणत्या महिन्यातलं? खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पूल मुठेच्या पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या पेठेत जायला वळसा पडतो. उन्हाळ्यात त्याच पुलावरून जाणारा माणूस खाली बघतही नाही. महिना आणि तास ठरवला की निम्मे तपशील आपोआप गळतात.

पाचही इंद्रियांची हजेरी घेऊ नका. हा सल्ला लेखनवर्गांत सर्रास मिळतो आणि मग प्रत्येक परिच्छेदात एक वास, एक आवाज, एक चव अशी भरती होते. जागाच सांगते कोणतं इंद्रिय आधी. कसब्यातल्या तांबट आळीत भांडं दिसण्याआधी हातोडीचे ठोके ऐकू येतात; तिथे कानापासून सुरुवात करा, बाकीचं नाही आलं तरी चालेल.

पुणेरी पाट्या आणि दुपारी एक ते चार बंद दुकानं यांना आता विश्रांती द्या. 'पूर्वीचं पुणं राहिलं नाही' हेही तसंच. काय गेलं आणि त्या जागी काय आलं ते सांगा: वाड्याची सोसायटी झाली, पण विहीर अजून पार्किंगमध्ये आहे, वर लोखंडी जाळी टाकलेली. हळहळायचं की नाही ते वाचक बघेल.

एवढं करूनही जागा डोळ्यांपुढे येत नसेल, तर तिथे वेगळ्या कामाने जा. लक्ष्मी रस्त्यावर साडी घ्यायला जाणाऱ्याला दुकानं दिसतात. गुडघे दुखणाऱ्या आजीला हात धरून न्या: पदपथाची उंची, वाटेत आडव्या लावलेल्या दुचाक्या, टेकायला मिळालेली एखाद्या दुकानाची पायरी आणि तिथून उठवणारा किंवा न उठवणारा दुकानदार. वही खिशातच राहू द्या, घरी आल्यावर लिहा.