आर१५ विजेवर आणायची? मोटर शेवटी घ्या

यामाहा आर१५ सारखी जुनी स्पोर्ट बाइक इलेक्ट्रिक करायची म्हटली की पोरं पहिला प्रश्न विचारतात, "भाऊ, मोटर किती किलोवॅटची टाकू?" मी हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन आहे, मोटरांवरच माझं पोट चालतं. तरी सांगतो, मोटर शेवटी घ्या. आधी बॅटरी ठरवा, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. रस्त्यावर चालवायची असेल तर एआयएस-१२३ या वाहन मानकाप्रमाणे मान्यता मिळालेलं किट लागतं आणि आरटीओत नोंद लागते. घरी जुळवलेली गाडी खाजगी आवारातच चालवा. लेआउटमधला रस्ता मोकळा दिसला तरी तो रस्ताच आहे.

माझ्यासमोर आर१५ चं पहिलं मॉडेल होतं, म्हणून मापं तिचीच देतो. तिच्या डेल्टाबॉक्स चेसिसमध्ये इंजिन नुसतं टांगलेलं नसतं, चेसिसबरोबर तेही ताण घेतं. म्हणून इंजिन उतरवण्याआधी माउंटच्या भोकांमधलं अंतर मोजून लिहून ठेवा. पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं वजनकाट्यावर घ्या, तेही आकडे लागतील. बॅटरी-मोटर धरणारा नवा पिंजरा त्याच भोकांत, त्याच जाडीच्या बोल्टांनी बसला पाहिजे, म्हणजे इंजिनाने धरलेला ताण तो धरेल. चेसिसवर वेल्डिंग मारू नका. आणि पेट्रोलच्या टाकीला ग्राइंडर लावू नका. टाकी रिकामी दिसते, पण आतली वाफ पेटते.

आता पुठ्ठा घ्या. सेलच्या मापाचे पुठ्ठ्याचे ठोकळे करून चिकटपट्टीने जोडा आणि मोकळ्या झालेल्या जागेत टांगून बघा. रेडिएटर निघाल्यावर पुढे चांगली जागा मिळते, पण लगेच खूश होऊ नका. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. दोघांना पुढे बसवून शॉकअप दाबा, पुढचं चाक मागे किती येतं ते बघा. माझा पुठ्ठ्याचा खालचा पुढचा कोपरा मडगार्डला घासला, तेव्हा तिथली एक ओळ उचलून वर नेली. पुठ्ठ्यात हे पाच मिनिटांचं काम आहे. पत्रा कापून झाल्यावर त्याला पूर्ण दिवस जातो.

सेल एलएफपीच (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) हलके असतात हे खरं, पण गरम झाल्यावर एलएफपी जास्त सोसतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २४ सेल सिरीजमध्ये लावले की सेलमागे ३.२ व्होल्टच्या हिशोबाने ७६.८ व्होल्ट होतात, पूर्ण चार्ज झाल्यावर ८७.६. मोटरला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरला हा वरचा आकडा झेपतो का ते बघूनच विकत घ्या. ४० ॲम्पिअर-अवरचे सेल धरले तर जवळपास ३ युनिट वीज साठते. किलोमीटरला ४० वॅट-अवर आणि ८० टक्के वापर धरला तर साधारण ६० किलोमीटर मिळतात.

सिरीज करण्याआधी सगळे सेल पॅरलल जोडून ३.६५ व्होल्टवर समान करा. दोन सेलमध्ये इपॉक्सी शीट घाला. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा आणि पान्यांना इन्सुलेशन करा. ६० व्होल्टच्या वरचा डीसी जीवावर बेततो. बीएमएस म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटनंतर डीसी रेटिंगचाच फ्यूज, मग कॉन्टॅक्टर (मुख्य करंट जोडणारा-तोडणारा स्विच), आणि कॉन्टॅक्टरला समांतर प्रीचार्ज रेझिस्टर. तो नसला तर कंट्रोलरचे कपॅसिटर एकदम करंट ओढतात, ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतात. चिकटलेला कॉन्टॅक्टर किल स्विच दाबूनही सुटत नाही.

मोटरची पाळी आता. मागचा टायर १००/८०-१७, एका फेऱ्यात साधारण १.८६ मीटर. ताशी ८० ला चाक मिनिटाला ७१७ फेरे मारतं. मोटर लोडवर ३००० फेरे देत असेल तर गुणोत्तर ४.२ च्या आसपास, म्हणजे पुढे १२ दात आणि मागे ५०. मोटर बसवायची प्लेट आधी प्लायवूडची करा, चेनची रेघ सरळ पट्टीने तपासा, मगच लेझर कटिंगला द्या. मोटरचं स्प्रॉकेट स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पिव्होटला जितकं जवळ, तितकी चाक वरखाली होताना चेनची ओढ कमी बदलते. सगळं बसलं की दोन्ही चाकं पुन्हा काट्यावर घ्या. पुढच्या-मागच्या वजनाची वाटणी फार बदलली असेल तर सेलची ओळ हलवा.

पहिल्यांदा सुरू करताना मागचं चाक स्टँडवर उचलून, कंट्रोलरमध्ये करंटची मर्यादा कमी ठेवूनच थ्रॉटल द्या. ब्रेक दाबला की मोटर बंद होते का, ते त्याच वेळी बघा.

चार्जिंगला वेगळा १६ ॲम्पिअरचा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. कूलरच्या बोर्डवर चार्जर मुळीच नको, तिथे जमीन ओली असते. चालवून आणल्यावर बॅटरी थंड होऊ द्या. नवतप्यात तर चार्जिंग पहाटेच करा. बऱ्याच एलएफपी सेलना चार्जिंगसाठी ४५ अंशांचीच मर्यादा दिलेली असते आणि दुपारी आपला पोर्चच तेवढा तापतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर पॅक उघडून बसबारचे (सेल जोडणाऱ्या पट्ट्यांचे) नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. ज्या जोडाचं तापमान बाकीच्यांपेक्षा जास्त दिसेल, तो सोडवून, घासून पुन्हा आवळा.