पहिल्या दोन धारा वेगळ्या काढा

घरची गाय पिळताना प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या बुडाच्या वाटीत काढा आणि उजेडात नीट बघा. दुधात बारीक गुठळ्या, पाणचटपणा किंवा रक्ताची झाक दिसली तर कासदाहाची, म्हणजे दगडीची, सुरुवात समजा. कास अजून सुजलेली नसते, गाय वैरणही खात असते, म्हणून एरवी हे लक्षातच येत नाही. असा सड शेवटी पिळा, ते दूध वेगळं ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. वाटीतलं दूध गोठ्यात ओतू नका.

कास धुतल्यावर स्वच्छ फडक्याने कोरडी करा. ओल्या कासेवरून ओघळणारं घाण पाणी थेट दुधात उतरतं. गाईने पान्हा सोडला की पाच-सात मिनिटांत, पूर्ण मुठीने पिळून धार संपवा. अंगठा दुमडून सड ओढायची सवय मोडाच, बिचारीला फार दुखतं.

आणि धार झाल्या झाल्या गव्हाणीत ताजी वैरण टाका. सडाचं तोंड मिटायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ ती खात उभी राहिली, की उघड्या सडाने शेणात बसत नाही.