एमजीबीमध्ये फोर्डचा पाच-स्पीड गिअरबॉक्स: इंजिन उतरवण्यापूर्वीची तयारी

महाराष्ट्रात आज एमजी म्हटले की २०१९ पासून गुजरातेतल्या हलोलच्या कारखान्यात बनणारी हेक्टर डोळ्यांसमोर येते. ही तयारीची यादी मात्र त्याच नावाच्या जुन्या, दोन दारांच्या गाडीसाठी आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. व्ही-८ इंजिनाच्या थोड्या गाड्या सोडल्या, तर सगळ्यांत १७९८ सीसीचे बी-सिरीज इंजिन होते आणि बहुतेकींत चार-स्पीड गिअरबॉक्स. या गाडीत फोर्डचा ‘टाइप ९’ हा पाच-स्पीड गिअरबॉक्स बसवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये बरीच रुळलेली आहे. हा गिअरबॉक्स फोर्डने १९८०च्या दशकात सिएरात आणि काप्रीच्या शेवटच्या वर्षांत वापरला. जोडकामाचे तयार संच बाजारात मिळतात, म्हणून काम सोपे वाटते; पण संच मिळाला म्हणजे तो आपल्याच गाडीला बसेल असे गृहीत धरू नये.

सर्वांत आधी कागद घेऊन हिशेब करावा, कारण पुष्कळांचा बेत इथेच बदलतो आणि तो बदलणे योग्यही असते. एमजीबीच्या मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ३.९०९ आहे आणि चौथा गिअर सरळ, म्हणजे १.०० चा. १६५ रुंदीच्या १४ इंची टायरवर चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांना ताशी सुमारे २९ किलोमीटर वेग मिळतो, म्हणजे मोटरवेवर ताशी ७० मैलांना, अर्थात साधारण ११२ किलोमीटरला, इंजिन ३,९०० फेऱ्यांच्या आसपास घोंघावत राहते. टाइप ९ चा पाचवा गिअर ०.८२ चा असल्याने हाच आकडा ३,२०० वर येतो आणि लांबच्या प्रवासात हा फरक कानाला व इंधनाच्या काट्याला स्पष्ट जाणवतो. पण १९६७ नंतरच्या ज्या गाड्यांत लेकॉक कंपनीचा एलएच प्रकारचा ओव्हरड्राइव्ह (बटणाने चालू होणारा, इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) आहे, त्यांना तो नेमके हेच ०.८२ चे गुणोत्तर मुळातच देतो. तेव्हा ओव्हरड्राइव्ह चालू स्थितीत असलेल्या गाडीत एवढा खटाटोप करून हाती नवे काही लागत नाही, आणि ओव्हरड्राइव्ह बिघडला असेल तर तो दुरुस्त करून घेणेच माझ्या मते शहाणपणाचे. ही यादी ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गाडीच्या मालकाने, किंवा ज्याचा मूळ गिअरबॉक्स दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे त्याने वाचावी.

हिशेबाची दुसरी बाजू खालच्या गिअरांची आहे. चारही गिअरांना सिंक्रोमेश (गिअर बदलताना फेऱ्या जुळवून देणारी रचना) असलेल्या मूळ एमजीबी गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.४४ चा आणि दुसरा २.१७ च्या जवळपास आहे, तर चार सिलिंडरच्या सिएराचा पहिला ३.६५ चा आणि दुसरा १.९७ चा. याचा अर्थ असा की पहिला गिअर आणखी आखूड होतो आणि दुसरा आणखी लांब, त्यामुळे पाच हजार फेऱ्यांवर पहिल्यातून दुसऱ्यात गेल्यास मूळ गिअरबॉक्समध्ये इंजिन ३,१५० पर्यंत उतरते, ते टाइप ९ मध्ये २,७०० पर्यंत उतरते. व्ही-६ काप्रीच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.३६ चा असतो म्हणून पुष्कळ जण तो शोधत फिरतात; परंतु त्याचा दुसरा १.८१ चा असल्याने दोन गिअरांमधली दरी तेवढीच राहते, फक्त सगळे गिअर थोडे लांब होतात. ही दरी खरोखर खुपत असेल, तर लांब पहिला गिअर घालून गिअरबॉक्स नव्याने बांधून देणारे विशेषज्ञ आहेत आणि ते काम गिअरबॉक्स बाकावर असतानाच करून घ्यावे. ताकदीची चिंता मात्र नको. जो गिअरबॉक्स काप्रीमध्ये २.८ लिटरच्या व्ही-६ इंजिनामागे चालला, त्याला एमजीबीचा सुमारे १५० न्यूटन-मीटरचा टॉर्क जड नाही.

त्यानंतर आपली गाडी नेमकी कोणत्या पिढीची आहे हे नक्की करावे, आणि त्यासाठी नोंदणीच्या कागदावरील वर्षावर विसंबू नये, कारण पन्नास-साठ वर्षांत इंजिने बदलली गेलेली असतात. इंजिनाच्या क्रमांकाची सुरुवात पाहावी. १८जी आणि १८जीए म्हणजे तीन बेअरिंगचे क्रँक. १९६४ च्या अखेरीस आलेल्या १८जीबीपासून पाच बेअरिंगचे. १९६७ च्या अखेरीस मार्क टू ही सुधारित आवृत्ती आली, तेव्हा सर्व गिअरांना सिंक्रोमेश असलेला गिअरबॉक्स, प्री-एंगेज्ड स्टार्टर आणि अधिक रुंद ट्रान्समिशन टनेल (गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा) एकदमच आले. इंजिनामागची प्लेट, फ्लायव्हील, त्यावरची दातेरी कडी आणि स्टार्टर या चारही गोष्टी पिढीनुसार वेगळ्या आहेत, आणि नव्या बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या कवचाला) या चारही गोष्टींशी जुळावे लागते. म्हणून संच मागवताना इंजिनाचा क्रमांक, स्टार्टरचा प्रकार आणि फ्लायव्हीलच्या दात्यांची संख्या ही माहिती लेखी कळवावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे. जुनी, अरुंद टनेलची गाडी असेल तर पत्रा ठोकावा किंवा कापावा लागेल का, हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. कापावा लागणार असेल तर मी तो संच घेणार नाही, कारण हे सगळे काम पुढेमागे उलटे करता आले पाहिजे, या एकाच अटीवर मी मूळ गाडीला हात लावतो.

जुना टाइप ९ विकत घेताना एवढे ध्यानात असावे की सिएरामध्येही १९८९ पासून त्याची जागा दुसऱ्या गिअरबॉक्सने घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे हाती येणारा नग तीसहून अधिक वर्षांचा असणार. त्याचे मुख्य कवच बिडाचे आणि मागचा भाग ॲल्युमिनियमचा असतो. कवच जड आहे, उचलायला दोघे जण ठेवावेत. इनपुट शाफ्ट हाताने वरखाली हलवून ढिलाई पाहावी, प्रत्येक गिअर घालून शाफ्ट फिरवावा आणि घरघर ऐकू येते का ते पाहावे, कारण खालच्या लेशाफ्टची सुई-बेअरिंगे हे या गिअरबॉक्सचे ठाऊक असलेले दुखणे आहे. कवचाला तेल काढण्याचे बूच नसते. याचा व्यवहारातला अर्थ असा की बहुतेक मालकांनी ते तेल कधीही बदललेले नसते, आणि तपासणीसाठी वरचे झाकण काढल्यावर तळाशी धातूची चकाकणारी पूड दिसली तर आश्चर्य वाटू नये. गाडीत बसवण्याआधी बेअरिंगे, सील आणि सिंक्रो-रिंगा बदललेला गिअरबॉक्स घेणे महाग पडते, पण इंजिन दोनदा उतरवण्यापेक्षा स्वस्तच.

आता मापे. यादीतला हा सगळ्यांत मोठा भाग आहे आणि तो गाडी उभी असताना, घाई नसताना करायचा आहे. टाइप ९ च्या इनपुट शाफ्टची लांबी तो कोणत्या इंजिनासाठी बनला होता त्याप्रमाणे बदलते. म्हणून गिअरबॉक्सच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंतची लांबी, खाचा असलेल्या भागाची लांबी, खाचांची संख्या आणि टोकाच्या नाकाचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजून वहीत लिहावा. दुसऱ्या बाजूने इंजिनामागच्या प्लेटपासून क्रँकमधल्या पायलट बुशपर्यंतचे (शाफ्टचे टोक ज्यात फिरते त्या छोट्या बुशपर्यंतचे) अंतर मोजावे. शाफ्टचे नाक बुशमध्ये पुरेसे शिरले पाहिजे, पण टोक क्रँकच्या तळाला टेकता कामा नये. आणि क्लचच्या डिस्कच्या खाचा एमजीबीच्या नव्हे, तर फोर्डच्या शाफ्टच्या असल्या पाहिजेत, व्यास मात्र एमजीबीच्या प्रेशर प्लेटला जुळणारा. बुश बहुधा वेगळा लागतो आणि तो चांगल्या संचात येतो. नसेल तर ब्राँझमध्ये टर्नरकडून बनवून घ्यावा. बेल हाउसिंग इंजिनाला लावून, गिअरबॉक्स न जोडता, त्याचे मधले भोक क्रँकशी समकेंद्री आहे की नाही हे डायल गेजने पाहावे. गेज पूर्ण फेरीत इंचाच्या पाच हजारांशापेक्षा, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटरपेक्षा अधिक हलू नये. हे पाऊल बहुतेक लोक वगळतात, आणि नंतर इनपुट बेअरिंग का ओरडते म्हणून विचारत राहतात.

क्लचबद्दल एकच निर्णय आहे, पण तो आधी घ्यावा. सिएराचा क्लच केबलवर चाले, एमजीबीचा हायड्रॉलिक आहे. काही संचांत एमजीबीचा मूळ स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा) बेल हाउसिंगच्या बाहेर बसतो, काहींत शाफ्टभोवतीचा समकेंद्री स्लेव्ह आत येतो. आतला दिसायला नीटनेटका असतो; परंतु त्याचे सील गळले की या गाडीत इंजिनच उतरवावे लागते, कारण एमजीबीचा गिअरबॉक्स एकटा खालून काढता येत नाही. म्हणून मी बाहेरचाच घेतला. फोर्कची दिशा, पुश-रॉडची लांबी आणि पेडल दाबल्यावर प्रत्यक्ष मिळणारी हालचाल बाकावरच तपासून घ्यावी.

प्रोपेलर शाफ्टची गोष्ट अधिक सावधपणे ऐकावी. एमजीबीच्या मूळ शाफ्टला दोन्ही टोकांना बोल्टची फ्लँज असते आणि सरकता सांधा शाफ्टमध्येच असतो. टाइप ९ मध्ये मात्र सरकता योक (शाफ्टचे पुढचे खाचांचे टोक) गिअरबॉक्सच्या शेपटीत शिरतो. म्हणजे पुढे फोर्डचा योक आणि मागे एमजीबीची फ्लँज असा नवा शाफ्ट बनवून, समतोल करून घ्यावा लागतो. मागची फ्लँजही ॲक्सलच्या प्रकारानुसार वेगळी असू शकते; जुना बँजो ॲक्सल की नंतरचा नळीचा, हे शाफ्ट बनवणाऱ्याला सांगावे. लांबी कागदावरून ठरवू नये. माझ्या वेळी एका कारखान्याने आपल्या तक्त्यातल्या लांबीचा शाफ्ट पाठवला, तो १२ मिलिमीटर लांब निघाला आणि गाडी चाकांवर उतरवताच योक शेपटीत तळापर्यंत जाऊन बसला. गिअरबॉक्स जागेवर, गाडीचे वजन चाकांवर, योक पूर्ण आत ढकलून मग सुमारे २० ते २५ मिलिमीटर मागे घेतलेला, अशा स्थितीत मोजलेली लांबीच खरी. त्यामुळे शाफ्टची मागणी इंजिन परत बसल्यानंतर द्यावी आणि त्या मधल्या आठवड्याचे दिवस वेळापत्रकात आधीच धरावेत. त्याच वेळी गिअरबॉक्सचा आणि ॲक्सलचा कोन मोजून दोन्ही समान व विरुद्ध येतील असे क्रॉसमेंबरखालचे वॉशर ठरवावेत.

हत्यारांत इंजिन क्रेन, चार भक्कम ॲक्सल स्टँड आणि इंजिन तिरपे करण्याची साखळी हवीच. शिवाय पान्यांचे दोन संच हवेत, कारण एमजीबीचे बोल्ट इंची यूएनएफ आट्यांचे आहेत आणि फोर्डचे मिलिमीटरचे. दोन डबे वेगळ्या रंगांचे ठेवावेत, नाहीतर सायंकाळी थकल्यावर चुकीचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या भोकात जातो आणि आटे घेऊनच बाहेर येतो. काम सुरू करताना बॅटरी सोडावी. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत आसनांमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, हे नवख्याला ठाऊक नसते. इंजिन बाहेर असताना फ्लायव्हील घासून घेणे, पाच बेअरिंगच्या इंजिनाचे मागचे सील बदलणे आणि माउंटची रबरे नवी घालणे ही कामे त्याच खर्चात उरकावीत.

तेलाची खरेदी करताना जुनी सवय आड येते. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचेच २०डब्ल्यू-५० घालतात. टाइप ९ ला गिअर ऑइल लागते आणि ते जीएल-४ दर्जाचे घ्यावे, कारण त्याच्या सिंक्रो-रिंगा पिवळ्या धातूच्या आहेत. शेपटीत जुना योक किंवा बूच घातल्याशिवाय तेल भरू नये. योक नसताना गिअरबॉक्स मागे कलला की सगळे तेल जमिनीवर येते.

वेगदर्शकाकडे शेवटी वळावे, पण विसरू नये. नवी केबल लागते, आणि स्मिथ्सच्या यंत्राच्या तबकडीवर लहान अक्षरांत एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ १२८०, म्हणजे केबलच्या १,२८० फेऱ्यांना एक मैल. केबलचे यंत्राकडचे टोक मोकळे करून त्याला कागदाचा झेंडा लावावा, गाडी १६ मीटर ९ सेंटिमीटर, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग, सरळ ढकलावी आणि फेऱ्या मोजाव्यात. १२८० च्या यंत्राला त्या १२.८ भरल्या पाहिजेत. न भरल्यास गिअरबॉक्समधले वेगदर्शकाचे प्लास्टिक चक्र बदलावे किंवा यंत्र नव्याने जुळवून घ्यावे. इलेक्ट्रॉनिक वेगदर्शक घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की १९६७ पूर्वीच्या गाड्यांची अर्थिंग धन बाजूची आहे, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, आणि तशीच जोडणी केल्यास नवे यंत्र पहिल्याच मिनिटाला जळू शकते.

विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांवरील, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती उरलेली नाही. तरीही एवढे काम केल्यावर ती ऐच्छिक तपासणी स्वतःहून करून घ्यावी, कारण शाफ्टचे बोल्ट आणि क्रॉसमेंबर परक्या नजरेने पाहिलेले बरे. पहिले ८० किलोमीटर मोटरवे टाळावा, परत आल्यावर गळती पाहावी आणि सर्व बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत.

मूळ गिअरबॉक्स, त्याचा क्रॉसमेंबर, प्रोपेलर शाफ्ट, क्लचची डिस्क आणि वेगदर्शकाची केबल एकाच लाकडी खोक्यात, तेलाचा हात फिरवून ठेवावी आणि खोक्यावर गाडीचा चेसिस क्रमांक लिहावा.