कापशीच्या जोडीचा संसार कसा पाहावा

दर हिवाळ्यात कुणी ना कुणी मला विचारतं, "नाथसागरावर ऑस्प्रेचं घरटं कुठं बघायला मिळेल?" कुठंच नाही. ऑस्प्रे, म्हणजे मीनखाई घार, आपल्याकडं हिवाळ्यापुरती येते. पैठणच्या जलाशयात उभ्या वाळक्या झाडावर बसते, पाय पुढं करून पाण्यात झेपावते, मासा उचलते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर उत्तरेला निघून जाते. तिची अंडी तिकडं, पिल्लंही तिकडंच. मराठवाड्यात राहून ती वाढताना बघायची असतील तर परदेशातल्या घरट्यांवर बसवलेले कॅमेरे बघावे लागतील.

शिकारी पक्ष्यांची जोडी पिल्लं कशी वाढवते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल, तर लांब जायची गरज नाही. गावच्या शिवारात कापशी, म्हणजे एक छोटी घार, असतेच. कावळ्यापेक्षा लहान, पाठ राखाडी, पोट पांढरंशुभ्र, खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक. हवेत एकाच जागी पंख मारत थांबते आणि पाय खाली सोडून उंदरावर उतरते. कामाची वाटणी ऑस्प्रेसारखीच असते. शिकार नर आणतो, घरटं मादी सांभाळते. ऑस्प्रेची अंडी पाच-सहा आठवडे उबतात आणि पिल्लं उडायला आणखी सात-आठ आठवडे घेतात. कापशीचं सगळं त्या मानानं लवकर उरकतं. अंड्यांना साधारण महिना, पिल्लांना महिना ते सव्वा महिना. नोकरी किंवा शेती सांभाळून एवढं बघणं जमतं.

तयारीला ८×४२ची दुर्बीण, वही, पाणी आणि मातकट कपडे पुरतात. पहिल्या हंगामात कॅमेरा घरी ठेवा, हे माझं ठाम मत आहे. कॅमेरा हातात असला की माणूस पुढं सरकतो. त्यानं काय बिघडतं, ते खाली येईलच.

कापशी वर्षात कधीही घरटं करू शकते, ऐन उन्हाळ्यात मात्र कमी. आपल्याकडं पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ धरा. सोयाबीन निघालेलं असतं, रान मोकळं पडतं, उंदीर उघडे पडतात आणि कापशीला घर चालवणं परवडतं.

घरटं नराकडून शोधायचं

झाडन् झाड धुंडाळत फिरू नका. कापशीचं घरटं म्हणजे काटक्यांचा छोटा, विसविशीत थर. बाभळीच्या शेंड्यात ते कावळ्याच्या जुन्या घरट्यासारखं दिसतं, आणि तुम्ही खालून चालत जाल तोवर मादी दोनदा उठलेली असेल.

नराकडं बघा. नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळं रंगावरून ओळखायचा प्रयत्न सोडून द्या. जो शिकार आणून देतो तो नर. सकाळी ऊन चढायच्या आत तारेवर किंवा वाळक्या फांदीवर बसलेली कापशी हेरा आणि तिनं उंदीर धरेपर्यंत थांबा. उंदीर धरून ती खांबावरच खायला बसली, तर त्यातून काही कळत नाही. न खाता पायात उंदीर धरून ती एका रेषेत सरळ निघाली, तर ती दिशा वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी शिवाराच्या दुसऱ्या कोपऱ्यातून हेच करा. दोन रेषा जिथं एकमेकींना छेदतील, तिथल्या दोन-तीन बाभळींपैकी एकीवर घरटं असणार. नर जवळ आला की मादी बारीक, चिरका आवाज काढते, घरट्यावरून उठून शेजारच्या झाडावर येते आणि तिथं उंदीर घेते. कधी कधी ही देवाणघेवाण हवेतच होते. ती उठली त्या झाडाकडं लक्ष ठेवा. परत येऊन ती जिथं खाली बसते, ते घरटं.

शेतमालकाला पहिल्याच दिवशी सांगा. परवानगी तर हवीच, पण त्याहून मोठं कारण उंदरांच्या औषधाचं आहे. ब्रोमॅडिओलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. सुस्तावतो, उघड्यावर येतो आणि नेमका तोच कापशीला सापडतो. कापशीचं कुटुंब दिवसभर उंदीरच खातं, हे एकदा दुर्बिणीतून दाखवलं की बहुतेक शेतकरी त्या वावरापुरतं औषध थांबवतात. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

बसायचं कुठं

घरट्यापासून किती लांब बसायचं, या एका प्रश्नावर मी दोन हंगाम घालवले. त्यातल्या एकाची किंमत चार अंड्यांनी मोजली.

तुम्हाला लोक आकडे सांगतील. कुणी म्हणेल पन्नास मीटर पुरे, कुणी म्हणेल हिरवं कापड अंगावर घेतलं की तीसही चालतं. मलाही असंच सांगितलं होतं. परभणी जिल्ह्यातल्या एका तुरीच्या वावरात मी बाभळीपासून तीस पावलांवर, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झुडपाआड बसलो. मादी घरट्यात खाली दबून होती, हलत नव्हती. मला वाटलं, सवय झाली. चौथ्या दिवशी ती उठून गेली. मला वाटलं, उंदीर घ्यायला गेली असेल. मी तिथंच थांबलो, कारण परत येताना ती नीट दिसेल असं वाटत होतं. पाऊण तास झाला. मग डोमकावळा आला. तो मला भीत नव्हता. मी ओरडत धावलो तोवर त्यानं एक अंडं फोडलं होतं, दुसरं चोचीत धरलं होतं. संध्याकाळपर्यंत घरटं रिकामं झालं. जोडी त्या बाभळीवर परत आली नाही.

त्या दिवशी माझी चूक अशी झाली की मादी शांत आहे म्हणजे निर्धास्त आहे, असं मी धरून चाललो. घरट्यात सपाट दबून, मान आखडून, हलणं बंद करून बसलेली मादी घाबरलेली असते. निर्धास्त मादी मान फिरवते, पिसं साफ करते, अंडी चोचीनं सारखी करते, कधी डोळे मिटते. हे ओळखायला मला वर्ष लागलं, आणि तेही अर्धवटच.

उरलेलं मला कापूस वेचणाऱ्या एका मावशींनी शिकवलं. पुढच्या वर्षी, दुसऱ्या गावात मी साठ पावलांवर बसलो होतो आणि मादीकडंच बघत होतो. ती मान फिरवत होती, म्हणून मी खूश होतो. मावशी ओटी रिकामी करायला धुऱ्यावर आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही उठा बरं तिथून. त्याला घरी जायचंय." मी मागं वळून बघितलं. विजेच्या खांबावर नर बसला होता. पायाखाली उंदीर दाबून धरलेला, न खाता. शेपटी सारखी वरखाली करत होता. मावशींच्या म्हणण्याप्रमाणं तो बराच वेळ तसाच होता. मी उठून शंभर पावलं मागं गेलो, आणि नर थेट घरट्याच्या शेजारच्या झाडावर उतरला.

तेव्हापासून मी अंतर पावलांत मोजत नाही, नराकडं बघून ठरवतो. पद्धत अशी: पहिल्या दिवशी दोनशे पावलांवरून सुरुवात करा. तिथून एक पूर्ण देवाणघेवाण बघा, म्हणजे नर आला, मादीनं उंदीर घेतला, खाल्ला आणि ती घरट्यावर परतली. हे सगळं न अडखळता झालं, तर दुसऱ्या दिवशी वीस पावलं पुढं. पुन्हा पूर्ण देवाणघेवाण बघा. असं करत ज्या दिवशी नर उंदीर धरून खांबावर थांबला, किंवा तुमच्या डोक्यावर येऊन घिरट्या घालू लागला, त्या दिवशी लगेच मागं या, आणि आदल्या दिवसाची जागा संपूर्ण हंगामासाठी कायम करा. मी दहा मिनिटांची मर्यादा ठेवतो. दहा मिनिटं नर उंदीर घेऊन ताटकळला, की मी उठतो. समोर कितीही चांगलं दिसत असलं तरी.

एका जोडीला सत्तर पावलं चालतात, दुसरीला दीडशेही चालत नाहीत. रस्त्याकडेच्या बाभळीवरची जोडी धीट असते, आडरानातली बुजरी. म्हणून कुणाचाही आकडा घेऊ नका, माझाही नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कापूस वेचणाऱ्या बायका त्या बाभळीच्या पार बुडापर्यंत जात होत्या, मादी उठत नव्हती. मी साठ पावलांवर नकोसा होतो. त्या वाकून कामात असायच्या, पुढं सरकत राहायच्या. मी थांबून टक लावून बघत होतो. शिकारी पक्ष्याला टक लावणं बरोबर कळतं. त्यामुळं रानात आधीपासून असलेल्या गोष्टींचा आडोसा घ्या. आखाड्याची, म्हणजे शेतातल्या घराची, भिंत, उभी बैलगाडी, ज्वारी राखायला बांधलेलं मचाण. मचाण सगळ्यांत उत्तम, पक्ष्यांना तिथं माणूस असण्याची सवय असते. फक्त राखणदाराला त्या बाजूला गोफण फिरवू नको म्हणून सांगा. नवा तंबू उभारणं, पानं अंगावर खोचणं, नीट दिसावं म्हणून फांद्या छाटणं, यातलं काहीच करू नका. छाटलेली फांदी म्हणजे कावळ्याला दाखवलेली वाट आणि पिल्लांवर सोडलेलं ऊन.

झाडावर चढून डोकावणं, काठीला आरसा बांधणं, ड्रोन नेणं यावर चर्चाच नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच बसवलेलं आहे.

अंड्यांचा महिना

अंडी तीन-चार असतात. या महिन्यात दिसतं कमी. बहुतेक वेळ मादी बसलेली, नर येतो-जातो. आठवड्यातून दोन सकाळी पुरेत. प्रत्येक वेळी लिहा: किती वाजता, कोण, काय आणलं, कुठं दिलं.

पिल्लं फुटली हे घरट्यात न बघताही कळतं. मादी आधीपेक्षा उंच बसायला लागते, मान खाली घालून बारीक तुकडे तोडताना दिसते, आणि नराच्या फेऱ्या वाढतात. तुमच्या वहीतल्या नोंदींमध्ये ही वाढ स्पष्ट दिसेल. मला पहिल्यांदा ती वहीतच सापडली, रानात नव्हे.

पिल्लं

पहिले दोन आठवडे सकाळी दहाच्या आत निघून या. जानेवारी संपता संपता आपल्याकडं दुपारचं ऊन चटके द्यायला लागतं. मादी पंख अर्धे उघडून पिल्लांवर सावली धरते. त्या वेळी तुमच्यामुळं ती उठली, तर उघड्या घरट्यातली पिल्लं भाजून निघतात.

मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळं पिल्लं एकाच दिवशी फुटत नाहीत. थोरलं आणि धाकटं यांत चांगलाच फरक दिसतो. उंदीर कमी पडले की धाकटं मागं पडतं, कधी जगत नाही. हे बघवत नाही, पण मध्ये पडायचं नाही. घरट्याखाली मेलेले उंदीर नेऊन टाकणारे लोक मला भेटलेत. त्या वासानं मुंगूस आणि कुत्री बाभळीखाली गोळा होतात, दुसरं काही साधत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून डोकी वर दिसायला लागतात आणि बघण्याची खरी मजा सुरू होते. आता मादीही शिकारीला जाते. उंदीर आणून तशीच टाकते आणि पिल्लं तो स्वतः फाडायला शिकतात. नर ज्या खांबावर बसतो त्याच्या खाली जाऊन बघा. घरट्याखाली नाही, खांबाखाली. तिथं केसांच्या करड्या गोळ्या पडलेल्या असतात. न पचलेले केस आणि हाडं कापशी अशा गोळ्या करून ओकते. एक गोळी पाण्यात भिजवून उकला, उंदराचा जबडा दातांसकट मिळेल. गावातल्या पोरांना हे दाखवाच. आमच्याकडं पोरांची गलोल त्यानंतर बाभळीकडं वळली नाही.

उडायच्या दिवसांत

उडायच्या आधी पिल्लं फांद्यांवर येतात. अंगावर तपकिरी छटा, पाठीच्या पिसांना फिक्या कडा, डोळे अजून लाल झालेले नसतात. एखादं खाली पडतं. ते धडधाकट असेल तर उचलून त्याच झाडाच्या किंवा शेजारच्या फांदीवर ठेवा आणि लांब जा. आईबाप तिथंच येऊन भरवतात. घरी नेऊन दूध-भात चारू नका. पंख लोंबत असेल किंवा जखम असेल, तर १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करा.

जागा कुणालाही कळवू नका. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. मी एकदा एकाच मित्राला सांगितलं, पुढच्या रविवारी धुऱ्यावर पाच मोटारसायकली उभ्या होत्या.

उडाल्यावरही काही आठवडे पिल्लं त्याच शिवारात राहतात आणि नराला बघून ओरडत मागं लागतात. हवेतल्या हवेत उंदीर घ्यायला शिकतात, चुकतात, उंदीर खाली पडतो, पुन्हा प्रयत्न करतात. हे दिवस सोडू नका. याच सुमाराला नर-मादी शेजारच्या एखाद्या बाभळीवर नव्या काटक्या नेताना दिसली, तर जोडी दुसऱ्या विणीला लागली असं समजा. जुनं अंतर तिथं चालत नाही. पुन्हा दोनशे पावलांवर जाऊन बसा आणि नर उंदीर घेऊन कुठं जातो ते बघा.